हायड्रोजनची टाकी : भरतांना तापते कां, रिकामी होतांना निवते कां

आमच्या कांहीं वाचकांनीं अलीकडे एक पृच्छा केली आहे. सुरतेच्या बाजूस हायड्रोजन वायूवर चालणाऱ्या मालमोटारींच्या चाचण्या सुरू झाल्याचें त्यांच्या कानावर आलें आहे. नवापूर, विसरवाडी, नंदुरबार या टापूंतील माल उद्यां अशा मोटारींतून जावयाचा झाला, तर आमच्या इकडच्या उन्हांत त्या वायूच्या टाक्या टिकतील काय, त्या फुटावयाच्या तर नाहींत, असा त्यांचा सवाल आहे. सवाल रास्त आहे. ज्याच्या बांधाजवळून रस्ता जातो, त्यानें त्या रस्त्यावरून काय जाणार याची चौकशी करावी हें योग्यच होय. आम्हीं या विषयाचा जो अभ्यास केला, त्यावरून आमचें मत असें झालें आहे कीं, वाचकांची शंका योग्य दिशेची असली तरी तिचा रोख थोडा चुकला आहे. टाकी मुख्यतः उन्हानें तापत नाहीं. ती भरण्यानें तापते. आणि तापलेली टाकी फुटण्याआधीं दुसरेंच एक नुकसान करते. तिच्यांत पुरा माल मावत नाहीं.

प्रथम वस्तुस्थिति काय आहे ती सांगतों. जानेवारी २०२३ मध्यें केंद्र सरकारनें राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशन मंजूर केलें व त्यासाठीं १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद ठरविली. त्याच वर्षाच्या जुलैंत महाराष्ट्र सरकारनें आपलें हरित हायड्रोजन धोरण जाहीर केलें. मार्च २०२५ मध्यें केंद्रानें पांच प्रायोगिक योजना मंजूर केल्या. त्यांत एकूण ३७ बसगाड्या व मालमोटारी आणि वायु भरण्याचीं ९ केंद्रें होतीं. ठरविलेल्या मार्गांत पुणें–मुंबई हा एक आणि अहमदाबाद–बडोदें–सुरत हा दुसरा. ४ मार्च २०२५ रोजीं श्री. नितीन गडकरी व श्री. प्रल्हाद जोशी या केंद्रीय मंत्र्यांनीं टाटा मोटर्सच्या हायड्रोजन मालमोटारींच्या चाचणीस हिरवा झेंडा दाखविला. अशा १६ मोटारी, जास्तींत जास्त २४ महिने, निरनिराळ्या मार्गांवर चालवून पाहावयाच्या, असा तो बेत होता. सुरतेजवळ हजिरा येथें लार्सन अँड टुब्रोनें २०२२ सालीं पाण्यापासून हायड्रोजन काढण्याचा कारखाना सुरू केला, आणि कवास येथील वीजकेंद्राच्या वसाहतींत २०२३ च्या आरंभापासून स्वयंपाकाच्या नळवायूंत थोडा हायड्रोजन मिसळण्यास सुरुवात झाली. आमच्या नंदुरबार जिल्ह्यांत असा पंप नाहीं. परंतु नवापूरच्या रेल्वे स्थानकाचा अर्धा फलाट गुजरातेंत आणि अर्धा महाराष्ट्रांत. सुरत तेथून शंभर-सव्वाशे किलोमीटर. एवढ्या अंतरावरची वस्तु आपल्या अंगणांत येण्यास फार वर्षें लागत नाहींत.

आतां टाकीकडे वळूं. हायड्रोजन हा सर्व वायूंत हलका. १७६६ सालीं इंग्लंडांत हेन्री कॅव्हेंडिश यानें तो वेगळा ओळखला, तेव्हांपासून त्याचा हा हलकेपणा ठाऊक आहे. एक किलो हायड्रोजनमध्यें सव्वातीन ते साडेतीन लिटर डिझेलइतकी उष्णताशक्ति असते, ही त्याची जमेची बाजू. परंतु तोच एक किलो वायु मोकळ्या हवेच्या दाबानें ठेवूं म्हटलें तर त्यास साडेअकरा घनमीटरांहून अधिक जागा लागते, म्हणजे साधारण साडेसात फूट लांब, तितकीच रुंद व तितकीच उंच अशी एक खोली लागते. तो गाडीवर न्यावयाचा तर दाबून भरल्यावांचून गति नाहीं. बसगाड्या व मालमोटारींत बहुधा ३५० बार दाबाच्या टाक्या असतात. लहान मोटारींत ७०० बारच्या. ट्रकच्या चाकांत आपण शंभर-सव्वाशे पौंड हवा भरतों. त्याच मापानें ३५० बार म्हणजे पांच हजार पौंडांहून अधिक होय. सीएनजीच्या टाकींतला दाब सुमारें २०० बार असतो, तेव्हां त्याच्याही पुढची ही पायरी झाली.

इतक्या दाबानें कोणताही वायु कोंबला कीं तो तापतो. सायकलच्या चाकांत हवा भरणाऱ्या मुलासही हें माहीत असतें; पंपाचें खालचें टोक हातास चटका देतें. पुष्कळ लोक म्हणतात कीं ही घर्षणाची उष्णता आहे. घर्षणाचा भाग थोडा असतो, पण मुख्य कारण तें नव्हे. दांडा दाबतांना आपल्या हातांनीं जें काम केलें, तें हवेच्या अंगांत उष्णतेच्या रूपानें शिरतें, एवढाच त्याचा अर्थ. हायड्रोजनच्या टाकींत हाच प्रकार निराळ्या रीतीनें होतो. टाकींत आधींच थोडा वायु असतो. नळींतून नवा वायु येऊं लागला कीं तो जुन्यास कोपऱ्यांत रेटतो, आणि येणारा प्रत्येक घोट आपल्या मागच्या दाबानें ढकलला जाऊन आंत येतो. त्या ढकलण्याचें सर्व काम आंत उष्णता होऊन राहतें. शास्त्राच्या हिशेबानें, ३० अंश सेंटीग्रेडचा वायु एखाद्या अगदीं रिकाम्या टाकींत भरला आणि टाकीच्या भिंतींनीं त्यांतली यत्किंचितही उष्णता घेतली नाहीं, तर आंतील उष्णमान १५० अंशांवर जाईल. पाणी उकळतें १०० अंशांवर, हें लक्षांत घ्यावें. प्रत्यक्षांत भिंती उष्णता शोषून घेतात म्हणून इतकी मजल जात नाहीं. पण भरण्याची घाई जितकी जास्त तितकी भिंतींस सवड कमी.

याखेरीज हायड्रोजनचा स्वतःचा एक वांकडा स्वभाव आहे. साधारण वायु मोठ्या दाबाच्या जागेंतून अरुंद तोंडानें कमी दाबाच्या जागेंत सोडला कीं तो थंड होतो. बर्फाच्या यंत्रांत व वातानुकूल यंत्रांत याच जातीच्या गुणाचा उपयोग केलेला असतो. हायड्रोजन मात्र आपल्या नित्याच्या हवेंत असा सोडला असतां थंड न होतां किंचित् गरम होतो! शून्याच्या खालीं सुमारें ७० अंशांपर्यंत त्यास आधीं थंड करावें, तेव्हां कोठें तो इतरांसारखा वागूं लागतो. जूल व टॉमसन या दोघां शास्त्रज्ञांच्या नांवानें हा परिणाम ओळखला जातो. १८९८ सालीं लंडनमध्यें जेम्स ड्युअर यानें हायड्रोजनचें प्रथम पाणी केलें, तेव्हां याच कारणानें त्यास तो वायु आधीं द्रव हवेनें गोठवून घ्यावा लागला होता. भरणा-केंद्रावर साठवणीच्या नळ्यांतला दाब फार मोठा आणि गाडीची टाकी अर्धी रिकामी असली, तर या गुणापायीं आणखी वीस-तीस अंशांची भर पडूं शकते. टाकी भरत आली कीं दोहींकडच्या दाबांतला फरक कमी होतो आणि ही भरही ओसरते. म्हणजे आरंभींचा मिनिट-दीड मिनिट हा सर्वांत जपण्याचा.

वाचकांपैकीं कोणी म्हणेल, तापली तर तापूं द्या, लोखंडाच्या टाकीस काय होतें? परंतु या टाक्या लोखंडाच्या नसतात. लोखंडाची केली तर तिच्याच वजनानें गाडी बसेल. आंत एक पातळ अस्तर आणि त्यावर कार्बनच्या धाग्यांचें, राळेंत भिजवून गुंडाळलेलें जाड वेष्टन, अशी त्यांची रचना असते. कांहीं टाक्यांत अस्तर ॲल्युमिनियमचें असतें, कांहींत प्लॅस्टिकचें. या दोहोंतील फरक घरांतल्या उदाहरणानें समजावा. चुलीवरून उतरविलेलें ॲल्युमिनियमचें पातेलें लवकर निवतें, पण त्याच पातेल्याची लांकडी मूठ आंतली उष्णता बाहेर येऊं देत नाहीं म्हणून आपण ती धरतों. प्लॅस्टिकचें अस्तर हें त्या मुठीसारखें. तें हलकें आहे, गंजत नाहीं, हजारों वेळां भरलें-उतरलें तरी थकत नाहीं. पण आंतली उष्णता तें आंतच कोंडून ठेवतें. ॲल्युमिनियमच्या अस्तराची टाकी त्याच वेगानें भरली तर तिच्यांतील उष्णमान कमी चढतें. वेष्टनाची राळ व प्लॅस्टिक या दोहोंसही उष्णतेची मर्यादा असल्यामुळें, टाकींतील वायु ८५ अंशांच्या वर जाऊं नये आणि शून्याखालीं ४० अंशांच्या खालीं उतरूं नये, असा नियम जगभर मानला जातो. दाबाची वरची मर्यादा नेमलेल्या दाबाच्या सव्वापट. म्हणजे ३५० ची टाकी गरम असतां ४३७ पर्यंत व ७०० ची ८७५ पर्यंत जाऊं शकते, त्यापलीकडे नाहीं. आग लागून टाकी सुमारें ११० अंशांपर्यंत तापलीच, तर तिच्या तोंडाशीं बसविलेली एक रक्षक कळ आपोआप उघडते आणि वायु बाहेर सोडून देते. फुटण्याची धास्ती आम्हीं मागें टाकली ती यासाठीं.

८५ ची मर्यादा पाळून तीन ते पांच मिनिटांत मोटार भरावयाची तर उपाय एकच उरतो: वायु आंत सोडण्यापूर्वींच गार करणें. अमेरिकेच्या मोटार-इंजिनियरांच्या संस्थेनें केलेल्या भरण्याच्या नियमांत, जलद भरणाऱ्या केंद्रांवर वायूचें उष्णमान शून्याखालीं ३३ ते ४० अंशांच्या दरम्यान ठेवावें, असें सांगितलें आहे. कमी गारव्याचेही प्रकार त्यांत दिले आहेत. गारवा कमी तितका वेळ जास्त. भरतांना गाडी आपल्या टाकींतील उष्णमान व दाब प्रकाशाच्या अदृश्य खुणांनीं पंपास कळवीत असते, आणि मर्यादा जवळ आली कीं पंप हात आखडता घेतो. पंपाच्या कोष्टकांत बाहेरच्या हवेचें उष्णमानही धरलेलें असतें. हवा जितकी तप्त तितका भरण्याचा वेग कमी, असा त्या कोष्टकांचा धडा आहे.

आमच्या जिल्ह्याचा संबंध येथें येतो. नंदुरबारची वैशाखांतली दुपार कशी असते हें आमच्या वाचकांस आम्हीं सांगावें असें नाहीं. मिरचीच्या पथारीवर वाळवण घालणाऱ्या मजुराच्या पायांस तें ठाऊक आहे. पारा ४२-४३ च्या वर चढलेला, डांबर मऊ झालेलें, आणि माल भरण्यासाठीं मालमोटार दोन-तीन तास उघड्यावर उभी. अशा मोटारीची टाकी भरण्यापूर्वींच ४५ अंशांच्या घरांत असावयाची. थंड देशांत जी टाकी १० अंशांवरून चढूं लागते, ती येथें ४५ वरून चढूं लागेल, आणि ८५ चें कुंपण मात्र दोघींस सारखेंच. म्हणजे आमच्या टाकीस चढण्यास मोकळें रान अर्ध्याहून थोडेंच अधिक आहे.

आतां पैशाचा हिशेब पाहूं. तप्त वायु पसरतो, तेव्हां दाबाचा कांटा तोच दाखवीत असला तरी आंतील वजन कमी असतें. ३५० बार दाबाला, १५ अंशांवर, एक लिटर जागेंत सुमारें २४ ग्रॅम हायड्रोजन मावतो. तेंच उष्णमान ८५ झालें तर त्याच दाबाला २० ग्रॅमच मावतो. एक षष्ठांश तूट! ज्या मालमोटारीच्या टाक्यांत तीस किलो वायु मावावा, ती पंचवीस किलो घेऊन निघाली असें होईल. आणि वरचा दाब वाढवून ही तूट भरून काढावयाची ती सव्वापटीच्या मर्यादेंत राहूनच. सुरतेहून निघालेली गाडी धुळ्यास पोंचावयाची ती अलीकडेच थांबावी असा हा फरक आहे. सीएनजीच्या रिक्षावाल्यांचा जुना अनुभव असाच आहे कीं, भर दुपारीं भरलेली टाकी सकाळच्या टाकीइतकी पळत नाहीं.

यांत फसवणूक कोठें होऊं शकते व कोठें नाहीं, हें नीट समजून घ्यावें. हायड्रोजनची विक्री किलोवर होते. जो कांटा वायूचें वजन मोजतो, तो उष्णतेनें फसत नाहीं. म्हणून पंचवीस किलो घेतला तर पंचवीस किलोचेच पैसे पडतात. फसतो तो दाबाच्या कांट्यावर विश्वासणारा. दुपारीं भरून ३५० दाखविणारी टाकी रात्रीं निवून ३० अंशांवर आली कीं तीनशेच्याही खालीं उतरलेली दिसेल, आणि चालक म्हणेल, टाकी गळते किंवा कोणीं वायु चोरला. तसें कांहीं झालेलें नसतें. जितका भरला तितकाच आंत आहे. फक्त त्याचा फुगवटा ओसरला आहे. मळणीनंतर लगेच पोत्यांत दाबलेलें ओलसर धान्य चार दिवसांनीं खालीं बसतें, आणि मापाऱ्याशीं भांडण होतें, त्यासारखेंच हें. वजनाची पावती हाताशीं असली कीं भांडणास जागा राहत नाहीं.

भरण्याच्या बाबतींत आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. टाकी जितकी जास्त रिकामी असेल तितकें भरतांना तिचें उष्णमान जास्त चढतें, कारण नवा वायु कोंबण्याचें काम तितकें मोठें. अर्ध्यावर आलेली टाकी भरली तर ती कमी तापते. तेव्हां तळ लागेपर्यंत गाडी हांकून मग भर दुपारीं घाईनें भरणें, ही सर्वांत वाईट रीत. दुर्दैवानें आमच्याकडील पुष्कळ चालकांची डिझेलची संवय नेमकी हीच आहे.

येथवर भरण्याचें झालें. रिकामें होण्याची कथा याच्या उलट, आणि तिच्याकडे लोकांचें लक्ष कमी जातें. टाकींतून वायु बाहेर जातो तेव्हां मागें राहिलेला वायु पसरतो. पुढच्यास बाहेर ढकलण्याचें काम त्यास करावें लागतें, आणि तें काम तो आपल्या अंगच्या उष्णतेंतून करतो. म्हणून तो निवतो. आमच्या घरांतल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरवर, मोठी शेगडी बराच वेळ चालली असतां, खालच्या बाजूस दंव धरतें हें सर्वांनीं पाहिलें असेल. पण त्या सिलिंडरांत द्रव असतो आणि तो उकळून वायु होतांना उष्णता ओढून घेतो, म्हणून तेथें दंव धरतें. हायड्रोजनच्या या टाकींत द्रव नाहींच; येथें केवळ पसरण्याची थंडी आहे. दोन्हींची गल्लत करूं नये. हिशेब असा आहे कीं, ३० अंशांवरचा वायु भिंतींकडून कांहींही ऊब न घेतां निम्म्या दाबावर आला, तर तो शून्याखालीं वीस अंशांच्याही पलीकडे जाईल.

गाडी चालत असतां असें होत नाहीं. लहान मोटार शंभर किलोमीटरांस साधारण एक किलो हायड्रोजन खाते. मालमोटार त्याच्या कितीतरी पट खाते, तथापि तिच्या टाक्याही मोठ्या व अनेक असतात. वायु हळूहळू जातो, भिंती बाहेरच्या हवेंतून ऊब घेऊन आंत पोंचवीत राहतात, आणि उष्णमान थोडेंच खालीं येतें. कोंडाईबारीचा घाट भरल्या गाडीनें चढतांना खप वाढेल, तेव्हां टाकी नेहमींपेक्षां अधिक निवेल. आमच्या उन्हाळ्यांत तो एक फायदाच म्हणावा, कारण निवलेली टाकी पुढच्या पंपावर अधिक भरते. प्लॅस्टिकच्या अस्तराचा येथेंही तोटा आहे. तें जशी आंतली उष्णता बाहेर सोडीत नाहीं, तशी बाहेरची ऊबही आंत सहज जाऊं देत नाहीं. म्हणून त्या जातीच्या टाक्या रिकाम्या होतांना अधिक थंड होतात.

खरा धोका आहे तो टाकी एकदम रिकामी करण्यांत. दुरुस्तीसाठीं, तपासणीसाठीं किंवा अपघातानंतर वायु सोडून द्यावा लागतो, आणि मिस्त्रीस घाई असते. झडप पुरी उघडली तर आंतील उष्णमान शून्याखालीं ४० च्या मर्यादेपलीकडे जाऊं शकतें. मग रबराच्या चकत्या कडक होतात व त्यांची पकड सुटते. प्लॅस्टिकचें अस्तर आकसतें. याखेरीज एक सूक्ष्म गोष्ट घडते. हायड्रोजनचे कण इतके बारीक कीं, वर्षभराच्या वापरांत थोडे कण अस्तरांतून झिरपून अस्तर आणि वेष्टन यांच्या मध्यें जमतात. आंत मोठा दाब असेपर्यंत अस्तर वेष्टनास घट्ट दाबून धरलेलें असतें. आंतला दाब एकाएकीं ओसरला कीं मधला वायु अस्तरास आंतल्या बाजूस ढकलतो आणि त्यास फुगवटा येतो. जुन्या भिंतीचा गिलावा मागच्या ओलीनें सुटून पुढें येतो, तशांतलाच हा प्रकार. बाहेरून पाहणाऱ्यास कांहीं दिसत नाहीं. याचसाठीं टाकी अगदीं कोरडी होईपर्यंत वापरूं नये, आंत साधारण २० बार तरी दाब शिल्लक ठेवावा, असा प्रघात आहे.

यूरोपांतील राष्ट्रांच्या संघानें हॉलंडांत पेटेन या समुद्रकांठच्या गांवीं एक प्रयोगशाळा चालविली. तेथें अशाच टाक्या पुन्हां पुन्हां भरून व रिकाम्या करून, आंत निरनिराळ्या उंचीवर उष्णमापक बसवून मोजमापें घेण्यांत आलीं. त्या प्रयोगांतून आम्हांस महत्त्वाची वाटलेली गोष्ट ही कीं, टाकींतील उष्णमान सर्वत्र एकसारखें नसतें. जोरानें भरतांना आंत येणारी धार सर्व वायु ढवळून काढते. पण भरण्याचा वेग मंद असला, किंवा टाकी रिकामी होत असली, तर आडव्या टाकींत गरम वायु वर व गार वायु तळाशीं असे थर पडतात. आणि गाडीवर उष्णमापक असतो बहुधा एकच, झडपेपाशीं! आमच्या वाचकांस हें अपरिचित नाहीं. कडब्याच्या गंजींत किंवा कपाशीच्या ढिगांत बाहेरून हात घालून सर्व गार असल्याचा निर्वाळा देणारा माणूस आणि मधोमध वाफ धरलेली गंजी, हा अनुभव कोणास नाहीं? एका ठिकाणच्या मापावर सबंध ढिगाची परीक्षा करूं नये, तें टाकीसही लागू आहे. नियमांत ८५ आणि उणे ४० या मर्यादा सावधगिरीनें घातलेल्या आहेत त्या अशाच कारणांनीं, असें आम्हांस वाटतें.

थंडीच्या बाजूनें आमच्या जिल्ह्यास विशेष भय नाहीं. सातपुड्यांत अक्कलकुव्याच्या वरच्या अंगास डाबसारख्या गांवीं कांहीं वर्षीं पहाटेचें दंव गोठतें, तोरणमाळासही हुडहुडी भरते. पण शून्याच्या आसपासची ती थंडी टाकीस सुखाचीच. आमचें संकट आहे तें उन्हाळ्याचें, आणि तेंही तीन महिन्यांचें.

तेव्हां उद्यां नवापुरास किंवा नंदुरबारास असा पंप निघावयाचा झाला, तर तो कसा असावा? मोठ्या शहरांतील पंपाची नक्कल येथें करणें आम्हांस शहाणपणाचें वाटत नाहीं. पांच मिनिटांत गाडी भरणारा पंप म्हणजे वायु उणे चाळीसपर्यंत गार करणारें यंत्र आलें. तें यंत्र गिऱ्हाईक असो वा नसो तयार ठेवावें लागतें, आणि बाहेर ४३ अंश असतां आंत उणे ४० राखणें म्हणजे ८३ अंशांचा चढ सतत चढत राहणें होय. त्याची वीज, त्याची दुरुस्ती, आणि तें बंद पडलें तर खोळंबलेल्या गाड्या, हें सर्व शेवटीं भाड्यांत धरलें जाईल, आणि भाडें केळीच्या व पपईच्या भावांतून कापलें जाईल. शहादें तालुक्यांतील ज्या बागाइतदारानें तोडलेल्या मालाची गाडी चार तास उशिरा आल्याचें नुकसान सोसलें आहे, त्यास हें फोडून सांगावयास नको.

आमच्याकडील पुष्कळशी वाहतूक ठराविक गाड्यांची व ठराविक वेळेची आहे. पुरुषोत्तमनगरच्या साखर कारखान्याकडे गळिताच्या हंगामांत जाणारीं वाहनें, बाजारसमितीच्या मालाच्या गाड्या, दुधाच्या गाड्या, या सर्व रात्रीं केव्हां ना केव्हां एका जागीं उभ्या असतात. अशा गाड्यांस पांच मिनिटांची घाई कशाला? ३५० बारची, ॲल्युमिनियमच्या अस्तराची टाकी रात्रीच्या गारव्यांत तास-दीड तास घेऊन भरली, तर भिंतींस उष्णता बाहेर टाकण्यास पुरेशी सवड मिळते; गार करण्याचें यंत्र लहान पुरतें किंवा लागतच नाहीं; आणि टाकी वजनानें भरते. ॲल्युमिनियमची टाकी प्लॅस्टिकच्या टाकीहून जड, तेवढा भार वाहावा लागेल हें खरें. दूर पल्ल्याच्या परक्या गाडीस असा पंप उपयोगाचा नाहीं हेंही खरें. तिनें सुरतेसच भरून यावें.

गाडी घेणाऱ्यानें किंवा भाड्यानें ठरविणाऱ्यानें टाकीवरची पाटी वाचण्याची संवय लावून घ्यावी. टाकीचा नेमलेला दाब, ती केव्हां बनली आणि केव्हां बाद करावयाची, हें त्या पाटीवर असतें. आपल्या देशांत अशा दाबाच्या सिलिंडरांस परवानगी देणाऱ्या सरकारी संघटनेचें, म्हणजे पेसोचें, मुख्य ठाणें आपल्याच राज्यांत नागपुरास आहे. मुदत टळलेली किंवा वेष्टनावर खोल ओरखडा असलेली टाकी ज्या गाडीवर दिसेल, तिच्यांत माल भरूं नये, मग भाडें कितीही कमी असो.

पाण्याविषयींही एका वाचकानें विचारलें आहे. एक किलो हायड्रोजन काढण्यास शास्त्रानुसार ९ लिटर पाणी लागतें, शुद्धीकरणांत वाया जाणारें धरून त्याहून अधिक. उसाच्या एका पाळीशीं तुलना केली तर तें थोडेंच आहे. वीज मात्र किलोमागें पन्नास युनिटांहून अधिक लागते, आणि तोच या इंधनाच्या महागाईचा मुख्य भाग आहे. म्हणूनच त्यावर गार करण्याचा खर्च आणखी चढवूं नये, असें आम्हीं म्हणतों. शेतीच्या पंपास रात्रीची वीज मिळते म्हणून आमच्या भागांत वर्षानुवर्षें तक्रार आहे, आणि विंचूकाट्यांतून अंधारांत बारें धरणाऱ्याची ती तक्रार खरी आहे. हायड्रोजनच्या टाकीस तेवढी रात्रच सोयीची.